पळसाच्या पानावरचं गुलाबी यीस्ट नवं आहे का?

प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातून आला आहे. कुरखेडा तालुक्यात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने ऑक्टोबरात गावाच्या जंगलातून पळसाची पानं आणली, सलाइनमध्ये हलवली आणि ते पाणी वायएम आगरवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरलं. एका प्लेटवर गुलाबी कॉलनी आली. यीस्ट ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या डी१/डी२ भागाचा सिक्वेन्स, म्हणजे अक्षरक्रम, बाहेरून करून घेतला. ब्लास्टमध्ये, म्हणजे जगभरच्या नोंदींशी सिक्वेन्स जुळवून बघणाऱ्या शोधात, सर्वांत जवळची जुळणी स्पोरोबोलोमायसीस या यीस्टच्या गटाशी, ९७.८ टक्के. त्या विचारतात: ही नवी प्रजाती म्हणायची का? वर्णन कसं करायचं? आणि तालुक्याचं नाव देता येईल का?

मॅडम, नवी असण्याची शक्यता चांगली आहे. पण लेख लिहायला बसू नका, आधी त्या झाडाकडे परत जा. आत्ता जानेवारी आहे, जुनी पानं अजून फांदीवर असतील. होळीच्या सुमाराला गेलात तर झाडावर नुसती फुलं दिसतील, पान एक नाही. मग नवी पानं येऊन त्यांच्यावर यीस्ट जमायला पुढचा पावसाळा उजाडेल. त्यामुळे या आठवड्यात जा. का जायचं ते पुढे सांगतो.

(एक खुलासा. पाठ्यपुस्तकात जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हणतात. बोलताना सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मीही तेच करणार आहे, आणि जीनसला जीनसच म्हणणार आहे.)

आधी तुमचा आकडा बघू. डी१/डी२ चा तुकडा साधारण सहाशे अक्षरांचा. ९७.८ टक्के म्हणजे तेराएक अक्षरांचा फरक. कुर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी १९९८ मध्ये सुमारे पाचशे अॅस्कोमायसीट (यीस्टच्या दोन मोठ्या गटांपैकी एक) यीस्टचा हा भाग वाचून अंदाज बांधला: तीनपर्यंत फरक असेल तर बहुधा एकच प्रजाती, सहा किंवा जास्त, म्हणजे एक टक्का, असेल तर बहुधा वेगळी. तुमचं गुलाबी यीस्ट दुसऱ्या गटातलं, बॅसिडिओमायसीट आहे. त्या गटासाठी फेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये केलेल्या कामात फरक याहून कमी अक्षरांचे निघाले, दोन-तीन अक्षरांवरही प्रजाती बदलते. पुढे २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या संग्रहातले सुमारे नऊ हजार स्ट्रेन (एकेका नमुन्यातून वेगळी काढून वाढवलेली यीस्ट) तपासून ९९.५१ टक्के (डी१/डी२) आणि ९८.४१ टक्के (आयटीएस, डीएनएचा असाच दुसरा भाग) अशा सीमारेषा सुचवल्या गेल्या. तुमचे तेरा फरक या सगळ्यांच्या बरेच पलीकडे आहेत.

मग मी आखडता हात का घेतोय? कारण तो आकडा कशातून आला हे मला दिसत नाही.

क्रोमॅटोग्रामची, म्हणजे सिक्वेन्सच्या मूळ आलेखाची, फाइल उघडा. फक्त अक्षरांची टेक्स्ट फाइल आली असेल तर सिक्वेन्स करणाऱ्याकडून मूळ फाइल मागवून घ्या, पैसे तुम्ही भरले आहेत. पहिली तीस-चाळीस अक्षरं आणि शेवटचा भाग नेहमी गढूळ असतो. तो न कापता ब्लास्ट केलं तर तेरातले आठ फरक तिथेच सापडायचे. एनएल१ आणि एनएल४ (तुकड्याच्या दोन टोकांचे प्रायमर) अशा दोन्ही बाजूंनी वाचून घेतलंय का? एकाच बाजूने असेल तर दुसरी बाजूही करून घ्या. मधेच एका जागी दोन शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली तर कॉलनी शुद्ध नव्हती अशी शंका घ्या. क्वचित एकाच पेशीतल्या आरआरएनए जीनच्या (डी१/डी२ हा त्याचाच भाग) प्रतीही आपसात जुळत नाहीत. मेश्निकोविया जीनसच्या पुल्चेरिमा गटात तर हे इतकं आहे की तिथे या एका तुकड्यावर कुणी प्रजाती ठरवू नये.

दुसरं म्हणजे, जुळणी कोणाशी झाली? जेनबँकेत, म्हणजे सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात, कुणीही काहीही नाव लावून सिक्वेन्स टाकू शकतो. ब्लास्टच्या पानावर टाइप मटेरियलपुरताच (ज्या मूळ नमुन्यांवरून प्रजातींची नावं ठरली तेवढ्यांतच) शोध घ्यायची चौकट असते, तिथे टिक करून पुन्हा चालवा. आणि मग टिक काढूनही एकदा चालवा. तेव्हा नुसत्या ‘स्पोरोबोलोमायसीस एसपी.’ अशा बिननावाच्या नोंदीशी १०० टक्के जुळलं, तर कुठल्या तरी देशात कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये तुमचंच यीस्ट नावाविना पडून आहे. ही वाईट बातमी मुळीच नाही. त्या माणसाला लिहा. दोन ठिकाणचे स्ट्रेन मिळाले की वर्णन दुप्पट भक्कम होतं.

आता झाडाकडे परत का जायचं ते. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. मी वरुडकडच्या संत्र्याच्या बागांत काम करायचो. काळी माशी पानावर गोड चिकटा टाकते, त्यावर कोळशी धरते हे शेतकऱ्याला माहीत असतं. त्या कोळशीच्या आधी आणि सोबत यीस्ट किती असतात हे मला बघायचं होतं. अकरा झाडांची पानं आणली, अकराही झाडांवर एकच चकचकीत, कोरल रंगाचं यीस्ट. मी तर हरखून गेलो, म्हटलं संत्र्याच्या पानाचं खास यीस्ट सापडलं. दोन महिने त्याच्या चाचण्या केल्या. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पान न टाकता नुसतं पाणी कधी लावलंय का?” लावलं. तेच यीस्ट. आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये ते मजेत नांदत होतं. रोडोटोरुला म्युसिलॅजिनोसा, पाण्याच्या टाक्यांपासून वॉटर बाथपर्यंत जगभर भेटणारी. त्या दिवसापासून माझ्याकडे पानाशिवायची प्लेट लावल्याखेरीज कुणी काम सुरू करत नाही. तुमच्या पत्रात अशा प्लेटचा उल्लेख नाही, म्हणून हे सांगितलं.

तुमच्याकडे एका प्लेटवरची एक कॉलनी आहे. एका स्ट्रेनवर प्रजातीचं वर्णन करायला नियमांची आडकाठी नाही, अशी वर्णनं निघतातही. पण एकाच स्ट्रेनवरून त्या प्रजातीत किती फरक चालतो हे कळत नाही. समजा तुमच्या स्ट्रेनला माल्टोज पचत नाही. ते प्रजातीचं लक्षण की या एकट्याची खोड? दुसऱ्या झाडावरून, जमलं तर दुसऱ्या गावातून, तेच यीस्ट पुन्हा मिळालं की हा प्रश्न सुटतो. पळसासोबत शेजारचा मोह, टेंभुर्णी, ऐन, धावडा यांचीही पानं घ्या. फक्त पळसावरच मिळालं तर तेही सांगण्याजोगं, सगळ्यांवर मिळालं तर तेही.

या वेळी पानं धुऊ नका. स्पोरोबोलोमायसीसला धुण्यापेक्षा चांगली युक्ती आहे, आणि ती बघण्यातच अर्धी मजा आहे. पानाचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा कापा. पेट्री प्लेटच्या झाकणाला आतून निर्जंतुक व्हॅसलीनचा ठिपका लावून तुकडा त्यावर चिकटवा. पळसाच्या पानाची खालची बाजू मऊ लवेची असते, ती आगरकडे येऊ द्या. दुसऱ्या प्लेटमध्ये वरची बाजू. झाकण लावा, प्लेट उलटी न करता सरळ ठेवा. दुसऱ्या दिवशी झाकण फिरवून तुकडा आगरच्या कोऱ्या भागावर आणा. दोन-तीन दिवसांत आगरवर बारीक गुलाबी ठिपके उठतात, आणि नीट बघितलं तर त्या ठिपक्यांनी पानाच्या तुकड्याचाच आकार काढलेला असतो. शिरांची जागा सुद्धा ओळखू येते. यांना मिरर यीस्ट म्हणतात ते यामुळेच.

कारण ही पेशी आपले बीजाणू उडवते. कॉर्नमील आगरवर वाढवून चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा: पेशीतून एक बारीक टोकदार दांडी वर येते, तिच्या टोकावर राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा बीजाणू तिरपा बसलेला. त्याच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब फुगत जातो, बीजाणूच्या अंगावरच्या ओलीला टेकतो आणि क्षणात मिसळतो. त्या झटक्याने बीजाणू सुटतो. अळिंबीच्या कल्ल्यांतून बीजाणू सुटतात ते याच तंत्राने. तुमच्या स्ट्रेनमध्ये हे दिसलं तर फोटो काढा, लेखातलं ते सर्वांत बोलकं चित्र ठरेल. नाही दिसलं तर घाबरू नका. प्रयोगशाळेत बरेच दिवस वाढवलेले स्ट्रेन बीजाणू उडवायचं विसरतात. म्हणूनही ताजा स्ट्रेन हवा.

तापमानाबद्दल, कारण आपल्याकडे हीच मोठी अडचण आहे. परदेशी लेखात ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते वीस-पंचवीस अंश. आपली खोली मार्चअखेर चाळिशीला टेकते. पानावरची बरीच बॅसिडिओमायसीट यीस्ट तिशीच्या पुढे कुरकुरतात आणि सदतिसाला वाढतच नाहीत. बीओडी इन्क्युबेटर २२ ते २५ अंशांवर लावा. तो नसेल तर काम फेब्रुवारीपर्यंत उरका. भारनियमनात माझ्या प्लेटा एका मेमध्ये अशा काही शिजल्या आहेत की नंतर मी उन्हाळ्यात नुसतं सिक्वेन्स जुळवायचं काम ठेवू लागलो. तुम्ही म्हणाल, मग हीच यीस्ट गडचिरोलीच्या उन्हात पानावर जगतात कशी? त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचा आहे, तो अतिनील किरणांचा मार सोसायला कामी येतो. आणि त्यांची खरी चंगळ ओल्या दिवसांत, पावसाळ्यात नि दंवात असते.

वर्णनासाठीच्या चाचण्यांवर फार वेळ घालवत नाही, त्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळतील. डुरहॅम नळीत किण्वन (तुमचं करणार नाही), युरिएझ (होकारार्थी येईल), डायझोनियम ब्लू बी ची चाचणी (लाल येईल), तीस-चाळीस कार्बन स्रोत, काही नायट्रोजन स्रोत, जीवनसत्त्वांविना वाढ, ५० टक्के ग्लुकोज, सायक्लोहेक्झिमाइड, आणि वेगवेगळी तापमानं. दोनच सूचना. पेशी आधी उपाशी ठेवा, नाहीतर आतल्या साठ्यावर वाढतील आणि सगळ्याच नळ्या होकारार्थी दिसतील. आणि निकाल दोन दिवसांत लिहून मोकळ्या होऊ नका, तीन-चार आठवडे नळ्या बघत राहा. उशिरा आणि सावकाश होणारी वाढ ही वेगळी नोंद असते. जमल्यास सर्वांत जवळच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवून त्याच रॅकमध्ये, त्याच मीडियावर शेजारी लावा. दुसऱ्याच्या तक्त्यातले अधिक-उणे आणि तुमचे अधिक-उणे यांत निम्मा फरक मीडियाचा असतो.

जीनस ठरवायला मात्र रंग आणि उडते बीजाणू पुरत नाहीत. जुने लोक तेवढ्यावर जायचे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, तशी जगात कुठल्याही पानावर गुलाबी यीस्ट दिसायची आणि सगळी एकाच नावाखाली जायची. २०१५ मध्ये सात जीन धरून बॅसिडिओमायसीट यीस्टची नव्याने मांडणी झाली आणि जुनी नावं भराभर बदलली. क्रिप्टोकॉकस लॉरेन्टाय आता पॅपिलिओट्रेमा लॉरेन्टाय आहे, क्रिप्टोकॉकस व्हिक्टोरिए आता व्हिश्नियाकोझायमा व्हिक्टोरिए. तुमच्याकडे निदान डी१/डी२ आणि आयटीएस दोन्ही हवेत. एसएसयू, आरपीबी२ आणि टीईएफ१ या आणखी तीन जीनचे सिक्वेन्स मिळाले तर फायलोजेनीचं, म्हणजे नात्यागोत्याचं, झाड भक्कम उभं राहील. एखाद्या मोठ्या संस्थेशी हातमिळवणी असेल तर पूर्ण जीनोमच करून घ्या. स्पोरोबोलोमायसीसचा जीनोम दोन कोटी अक्षरांच्या आसपास असतो, आज ते अवघड काम राहिलेलं नाही. फक्त लेखक कोण आणि स्ट्रेन कुणाच्या नावावर, हे आधी कागदावर ठरवा. तासिका तत्त्वावरच्या माणसाचं नाव आभारात ढकलायची रीत मी पुष्कळ पाहिली आहे.

आता नावाचा कायदा. यीस्ट ही बुरशी, त्यामुळे वनस्पती, शेवाळं आणि बुरशी यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचेच नियम इथे. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती गेली, इंग्रजी चालतं. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका ठिकाणी नाव नोंदवून तो क्रमांक लेखात छापावाच लागतो. आणि जिथे भलेभले घसरले ती जागा म्हणजे होलोटाइप, ज्या एका नमुन्याला नाव बांधलेलं असतं तो. होलोटाइप एकच, एकाच संग्रहातला, आणि तो जिवंत वाढता कल्चर असून चालत नाही. गोठवलेला किंवा लायोफिलाइज केलेला, म्हणजे चयापचय थांबलेल्या अवस्थेत जतन केलेला हवा. १ जानेवारी २०१९ पासून तसं स्पष्ट वाक्य लेखात लिहिणं बंधनकारक आहे. ते एक वाक्य राहिलं तर नाव अवैध. दोन संग्रहांचे क्रमांक देऊन दोन्हींना टाइप म्हटलं, तरी अवैध. बाकीच्या प्रतींना ‘एक्स-टाइप’ म्हणा.

गंमत म्हणजे संहिता तज्ज्ञ परीक्षणाची अट घालत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकातलं नावही नियम पाळले असतील तर वैध धरलं जातं, आणि मग चुकीचं वर्णन कायमचं तुमच्या नावावर बसतं. घाई असली तरी तिकडे जाऊ नका.

कल्चर ठेवायचं कुठे? चंदीगडला इम्टेकचं एमटीसीसी आहे, पुण्यात एनसीएमआर आणि आघारकर संशोधन संस्थेतलं एनएफसीसीआय. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या संग्रहाला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. काही नियतकालिकं परदेशातल्या संग्रहातही प्रत मागतात. स्ट्रेन देशाबाहेर जाणार म्हटल्यावर परवानगीचा प्रश्न येतो, त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला आधी विचारा, लेख स्वीकारल्यावर नव्हे. पाकिटात स्लँट (तिरप्या आगरवर यीस्ट वाढवलेली नळी) घालून मैत्रिणीकडे पाठवणं तर अजिबात नको.

आणखी एक परवानगी घराजवळची. पानं गावाच्या जंगलातून आणलीत म्हणता. तुमच्या जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेली गावं पुष्कळ आहेत. मेंढा (लेखा) ला तो २००९ मध्येच मिळाला. तेव्हा वनविभागाइतकंच ग्रामसभेला सांगणंही महत्त्वाचं. चार पानं नेली तर कोण विचारतं, असं वाटेल. पण उद्या पेपरात ‘आमच्या जंगलात नवा जीव सापडला’ अशी बातमी येते आणि गावाला ती बाहेरून कळते, ते बरं दिसत नाही. ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घ्या, प्लेट दाखवा. जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर तिच्यात नोंद करायला सांगा. मी एकदा अशी प्लेट दाखवली तेव्हा एका आजीबाईंनी विचारलं होतं, याने मोहाची दारू चढते का? नाही, हे साखर आंबवत नाही, असं सांगितल्यावर त्यांचा रस संपला.

नाव: तालुक्याचं देता येतं. स्थळावरून ‘-एन्सिस’ लावतात. स्पोरोबोलोमायसीस पुल्लिंगी आहे, त्याला ‘कुरखेडेन्सिस’ चालेल. जीनस नपुंसकलिंगी निघाला, उदाहरणार्थ फिलोबॅसिडियम, तर ‘-एन्से’ करावं लागेल. म्हणून जीनस पक्का होईपर्यंत डब्यांवर नाव लिहू नका. आपल्या देशात ही रीत रुळलेली आहे: दिग्बोईवरून कँडिडा डिग्बोइएन्सिस, राजस्थानवरून क्रिप्टोकॉकस राजस्थानेन्सिस, आणि तुमच्या सिरोंच्यापलीकडच्या सिंगरेणी कोळसा खाणींवरून डेबॅरिओमायसीस सिंगरेणिएन्सिस. पळसावरून ‘ब्यूटिए’ करण्याचा मोह होईल, कारण पळस म्हणजे ब्यूटिया. तो आवरा. एका पानावर मिळालेलं यीस्ट उद्या धानाच्या बांधावरच्या गवतावर सापडलं तर नाव उगाच दिशाभूल करत राहील. स्थळाचं नाव निदान खोटं पडत नाही.

हे सगळं व्हायला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर तो स्ट्रेन जगला पाहिजे. तुमच्या पत्रात ‘फ्रीजमध्ये एक स्लँट आहे’ एवढंच वाक्य आहे आणि त्यानेच मला झोप येत नाही. स्लँट सुकतो, माइट्स लागतात, सुट्टीत कुणी फ्रीजचा प्लग काढून मोबाइल लावतो. उद्या सकाळी कॉलेजात गेल्याबरोबर पुन्हा स्ट्रीक करून एकटी कॉलनी घ्या आणि तिच्या प्रती करा. दोन स्लँट लिक्विड पॅराफिनखाली, दोन स्क्रू कॅप बाटल्यांत निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि जवळ कुणाकडे उणे ऐंशीचा फ्रीझर असेल तर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये चार व्हायल. बाटल्यांवर झाडाची जागा, तारीख आणि क्रमांक पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते. एक संच घरी न्या.